सहा खुर्च्यांचं टेबल: पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी मेंटॉरशिप कशी उभी करायची?

प्रश्न: मी नागपूरला हिंगणा रोडच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी आम्ही चार मित्रांनी पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी मेंटॉरशिप सुरू केली. ऑडिटोरियममध्ये ओळखीचा कार्यक्रम घेतला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २४० पोरं जोडली, नोट्स टाकल्या. दिवाळीपर्यंत ग्रुप थंड पडला. निकाल लागल्यावर कळलं की ज्यांना खरी गरज होती, त्यातल्या एकानेही कधी काही विचारलं नव्हतं. यंदा पुन्हा करायचं आहे. काय चुकलं, आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: तुझ्या प्रश्नातलं निकालाबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. ज्यांना गरज होती ते गप्प राहिले, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तुझ्या आलं, म्हणून सविस्तर लिहिते. मी नागपुरातच पहिल्या वर्षाला एम-वन आणि एम-टू, म्हणजे इंजिनिअरिंगचं गणित, शिकवते आणि बारा वर्षांपासून आमच्या कॉलेजातलं सीनिअर-ज्युनिअर मेंटॉरिंग बघते. तुम्ही जे केलंत तेच आम्ही पहिल्या वर्षी केलं होतं, आणि ते तसंच बंद पडलं होतं.

आधी ग्रुपचं बोलते. २४० जणांच्या ग्रुपवर शंका विचारायची म्हणजे २३९ अनोळखी लोकांसमोर 'मला येत नाही' असं लिहून द्यायचं. गावच्या शाळेत कायम पहिला आलेला, सीईटीचा निकाल लागल्यावर ज्याच्या फोटोचा बॅनर चौकात लागला, असा पोरगा हे कधीच करणार नाही. तो पीडीएफ उतरवून घेईल, अंगठा दाखवील आणि खोलीवर एकटा बसून झुरेल. पोरं आळशी होती म्हणून तुमचा ग्रुप थंड पडला असं मला वाटत नाही. तिथे अडल्याचं सांगणं त्यांना फार महाग पडत होतं. यंदाही ग्रुप ठेव, पण त्यावर फक्त जागा, वार आणि वेळ टाक.

ऑडिटोरियमच्या कार्यक्रमाचंही तसंच आहे. माइक हातात देऊन नाव, गाव, बारावीचे मार्क सांगायला लावलं की पहिल्या दहा मिनिटांत पोरांची उतरंड लागते. कोण सीबीएसईचा, कोण ज्युनिअर कॉलेजात नुसतं नाव ठेवून क्लासमध्ये तयारी केलेला, कोण तालुक्याच्या कॉलेजचा, हे सगळ्यांना कळतं आणि मागच्या रांगा गप्प होतात. मार्क आणि पर्सेंटाइल विचारायचे नाहीत, हा आमच्याकडे मेंटॉरसाठी पहिला नियम आहे.

मग करायचं काय? एक टेबल, सहा खुर्च्या, आठवड्यातून दोन ठरलेले वार, ठरलेली वेळ, एक सीनिअर आणि समोर एक काम. एवढंच. काम म्हणजे खरंच काम: गणिताचा एक नेटका प्रश्न, ग्राफिक्सची शीट, सी प्रोग्रामिंगचं एक प्रॅक्टिकल. पोरांची ओळख कामातून होते. 'तुझा छंद काय' असं विचारून जेवढी दोस्ती होत नाही तेवढी 'तुझं उत्तर काय आलं बे' यातून होते. सोबत आणि अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी धरून आपण एकासाठी फ्रेशर्स पार्टी आणि दुसऱ्यासाठी एक्स्ट्रा क्लास ठेवतो, आणि दोन्हीतून गरजू पोरगा निसटतो.

याबद्दलचा एक जुना अनुभव तुला माहीत असावा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात यूरी ट्राइसमन नावाचा तरुण कॅल्क्युलस शिकवत होता. शाळेत चांगले मार्क असलेली कृष्णवर्णीय मुलं तिथे त्या विषयात नापास होत होती. प्राध्यापकांना कारणं विचारली तर नेहमीचीच आली: तयारी कच्ची, घरची परिस्थिती, जिद्द नाही. ट्राइसमनने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या मुलांचा अभ्यास त्यांच्यात राहून पाहिला. जिद्द भरपूर होती, घरच्यांचा पाठिंबाही होता. फरक असा निघाला की कृष्णवर्णीय मुलं नेमाने, शिस्तीने, पण एकटी अभ्यास करत होती. अभ्यास एकीकडे, मित्र दुसरीकडे. चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी बसत आणि मग एकत्र येऊन एकमेकांची उत्तरं तपासत. त्यामुळे आपण कुठे चुकतो आणि बाकीचेही कुठे अडतात, हे त्यांना परीक्षेच्या आधी कळायचं. पुढे त्याने कार्यशाळा सुरू केल्या, त्यात अवघड प्रश्न ठेवले आणि पोरांना गटात बसवलं. तो 'कच्च्यांचा वर्ग' आहे असं कुठेही म्हटलं नाही. त्या पोरांचे निकाल बदलले.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिंगणा रोडच्या खोल्या डोळ्यांपुढे आल्या. नागपुरात एलआयटी हे कॉलेज १९४२ पासून आणि व्हीआरसीई, म्हणजे आजची व्हीएनआयटी, १९६० पासून आहे. तिथे होस्टेलच्या कॉरिडॉरमध्येच सीनिअर भेटायचा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट करून दिली आणि पुढे हिंगणा रोड, काटोल रोड, वर्धा रोड असे कॉलेजांचे पट्टे तयार झाले. तिथली बरीच पोरं खोली करून राहतात, मेसचा डबा लावतात, काही वर्धा-भंडाऱ्याहून अप-डाऊन करतात. त्यांना कॉरिडॉरच नाही. तुला तो टेबलावर तयार करायचा आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरून घेण्यासारखी आहे. १९७३ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना मदत करायची एक पद्धत सुरू झाली, ती आज अनेक देशांत चालते. तिचा पाया असा: कच्चं पोर निवडायचं नाही, अवघड विषय निवडायचा. 'एम-वनचं टेबल' म्हटलं की टॉपरही येतो आणि ज्याला काहीच कळत नाही तोही येतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कोण कोण आहे ते कळत नाही. 'वीक स्टुडंट्ससाठी मदत' असा कागद नोटीस बोर्डावर लागला की त्या दाराने कुणी आत जात नाही. आम्ही असा कागद लावला होता. पहिल्या दिवशी सात आले, दुसऱ्या दिवशी एक.

टेबलावर कोणता प्रश्न ठेवायचा यावर बरंच अवलंबून आहे. पाठ केलेल्या सूत्रात आकडे घालून सुटणारा प्रश्न चालत नाही, कारण त्यावर बोलण्यासारखं काही राहत नाही. तीन पोरांची तीन उत्तरं येतील असा हवा. माझा आवडता प्रश्न यूलर्स थिअरमचा आहे. एक्स स्क्वेअर अधिक वाय स्क्वेअर, भागिले एक्स अधिक वाय, या सगळ्याचा साइन इन्व्हर्स म्हणजे यू. आता एक्स गुणिले यूचं एक्सला धरून पार्शल डेरिव्हेटिव्ह अधिक वाय गुणिले वायला धरून पार्शल, किती? निम्मी पोरं कंसातली डिग्री एक पाहून लगेच 'यू' लिहितात. एखादा थेट डिफरन्शिएट करायला बसतो आणि दुसऱ्या पानावर हरवतो. एखादीचं उत्तर टॅन यू येतं. मग भांडण लागतं, आणि त्या भांडणातून निघतं की होमोजिनिअस आहे तो साइन यू आहे, यू नाही. हे मी फळ्यावर दरवर्षी सांगते. माझ्या तोंडून ऐकलेलं चार दिवस टिकतं. टेबलावर भांडून मिळवलेलं पेपरपर्यंत टिकतं.

आता मेंटॉर. सुरुवातीला आम्ही सीजीपीएची यादी काढली आणि वरचे पंधरा घेतले. हुशार होते, मनाने चांगले होते, पण टेबलावर त्यांच्या हातून एकच गोष्ट व्हायची: ते गणित सोडवून दाखवायचे. भराभर, सुंदर अक्षरात. ज्युनिअर मान हलवायचा, फोटो काढायचा आणि जायचा. नंतर आम्ही निवडीची रीत बदलली. इच्छुक मुलाला सांगतो, या मित्राला हा एक प्रश्न समजावून दे, आणि मी फक्त एकच गोष्ट पाहते: पेन कोणाच्या हातात आहे. दहा मिनिटांत ज्याने स्वतः पेन उचलला नाही, तो घेतला. एम-वनला केटी लागून, म्हणजे विषय राहून, मग सुटलेली मुलं यात फार चांगली निघतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. कुठे पाय घसरतो ते त्यांच्या पायांना आठवत असतं. आणि 'मला पहिल्या सेशनल परीक्षेला पंधरापैकी तीन होते' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की समोरच्या सहा चेहऱ्यांवर जे होतं, ते माझ्या कुठल्याही भाषणाने होत नाही.

पेन न उचलता शिकवायचं म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगते. इंजिनिअरिंग ग्राफिक्सचं टेबल होतं. गडचिरोली जिल्ह्यातला एक मुलगा तीन आठवडे यायचा, कोपऱ्यात बसायचा, दुसऱ्यांची शीट उतरवायचा. रेषा स्वच्छ, लेटरिंग देखणं. पण शीट कोरी दिली की टॉप व्ह्यू कुठे काढायचा हेच त्याला कळत नव्हतं. मेंटॉर मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची होती. तिने त्याला काही विचारलं नाही. पुढच्या वेळी ती मेसमधून एक मोठा बटाटा, सुरी आणि बुटांचा रिकामा खोका घेऊन आली. बटाट्याचा पायरीसारखा ठोकळा कापून घेतला, आणि कापायचं काम त्यालाच दिलं. खोक्याची एक लांब बाजू उभी ठेवली, ती व्हीपी, म्हणजे उभं प्रतल. तळ म्हणजे एचपी, आडवं प्रतल. बाकीच्या बाजू कापून टाकल्या. ठोकळा मध्ये ठेवला. 'समोरून पाहा. जे दिसतं ते मागच्या भिंतीवर काढ.' त्याने पेन्सिलीने पायरी काढली. 'आता वरून पाहा आणि खाली तळावर काढ.' त्याने काढलं. 'आता ठोकळा उचल आणि खोका सपाट कर.' भिंत आणि तळ जिथे जुळतात तिथला पुठ्ठा त्याने जरा चिरला आणि तळ खाली वळवला. सगळं एका पातळीत आलं. तो पुठ्ठ्याकडे बघत राहिला आणि मोठ्याने म्हणाला, 'मंग हे त खालीच येते ना!' आपल्याकडे चित्रं मांडायची फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, त्यात टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो, हे त्याने महिनाभर वहीत लिहिलेलं होतं. एक्स-वाय लाइन म्हणजे ती घडी आहे, हे त्याला त्या मिनिटाला दिसलं. शेजारच्या दोघी आपल्या शीट सोडून खोक्याकडे आल्या आणि त्यांना समजावलं त्यानेच, झाडीपट्टीच्या बोलीत. तीन आठवड्यांत त्याचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

भाषेचा मुद्दा यातच आला. नागपूर शहरातली पोरं आपसात सर्रास हिंदी बोलतात, वर्गात इंग्रजी, आणि बाहेरून आलेल्या मुलाची मराठी निराळ्या वळणाची. त्याला वाटतं आपण तोंड उघडलं की गाव दिसेल. त्यामुळे टेबलावर ज्याला जे जमतं त्या भाषेत बोलायचं, वहीत संज्ञा इंग्रजीत लिहायच्या, एवढाच नियम ठेव. 'मॅम, मले नाही समजून राहिलं' हे मी वर्गातही चालवून घेते. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची काही पाठ्यपुस्तकं आता मराठीतही आली आहेत, ती लायब्ररीला मागवायला सांग. मात्र व्हायवा आणि पेपर इंग्रजीत असतो, म्हणून महिन्याभराने प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं इंग्रजीत तोच प्रश्न समजावायला लावायचा. आधी समज, मग भाषा. उलट क्रमाने केलं की पोरं पाठांतराकडे वळतात.

आता परवानगीचं. तुमचे डीन किंवा प्राचार्य रॅगिंगच्या भीतीने नाही म्हणतील. ती भीती रास्त आहे, तिला हलकं घेऊ नकोस. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरून काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. २००९ साली यूजीसीची नियमावली आली आणि पोरांकडून व पालकांकडून हमीपत्रं घेणं सुरू झालं. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाला सीनिअरपासून पूर्ण तोडलं जातं. वेगळं होस्टेल, वेगळी वेळ, वेगळं गेट. वाईट सीनिअर अडतात हे खरं, पण चांगलेही अडतात. डीनना एक गोष्ट दाखव: त्याच २००९ च्या नियमावलीत प्रत्येक संस्थेने 'मेंटॉरिंग सेल' करावा असं म्हटलं आहे. दर वर्षाच्या शेवटी पुढच्या वर्षासाठी स्वेच्छेने मेंटॉर होणारे विद्यार्थी घ्यायचे, सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरांमागे वरच्या वर्गातला एक मेंटॉर. म्हणजे तू मागतोयस ते नियमाबाहेरचं काही नाही. माझ्या टेबलाच्या सहा खुर्च्या तिथूनच आल्या. ते वाचण्याआधी आम्ही एका मेंटॉरला पंधरा पोरं देत होतो, आणि मेंटॉरला नावंसुद्धा पाठ व्हायची नाहीत.

त्याबरोबर तुम्ही स्वतःला घालून घ्यायची बंधनं लेखी द्या. टेबल उघड्यावर, लायब्ररीत किंवा कँटीनमध्ये, दिवसा किंवा संध्याकाळी. कोणाच्याही खोलीवर बोलावणं नाही. रात्री फोन नाही. 'इंट्रो' नावाचा प्रकार नाही. 'सर', 'मॅडम' म्हणवून घेणं नाही. दादा-ताई म्हणायचं की नाव घ्यायचं ते ज्युनिअर ठरवील. कोणतंही काम सांगायचं नाही, जर्नल लिहून घेणं तर नाहीच. मेंटॉरांची यादी आणि टेबलांच्या वेळा डीनकडे, आणि रॅगिंगचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १८००-१८०-५५२२ प्रत्येक टेबलावर चिकटवलेला. हा नंबर मेंटॉरने स्वतः पहिल्या दिवशी वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, 'माझ्याबद्दल तक्रार असेल तरी इथेच कर.' हे ऐकून पोरं सैल होतात, हे मी पाहिलं आहे.

वेळापत्रकाबद्दल एक अगदी व्यवहारी गोष्ट. आपल्याकडे कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे, राउंड लांबतात, मग इन्स्टिट्यूट लेव्हलचे प्रवेश. एआयसीटीईच्या इंडक्शनचे तीन आठवडे संपतात आणि त्यानंतर काही पोरं पहिल्यांदा गेटमधून आत येतात. तोवर बेंच ठरलेले, डबा एकत्र खाणारे गट ठरलेले. या उशिरा आलेल्यांचं वर्ष पहिल्या सेशनलच्या आधीच घसरायला लागतं. म्हणून प्रत्येक टेबल पाच जणांवरच सुरू कर आणि सहावी खुर्ची रिकामी ठेव. पाच जणांना सांगून ठेव की या खुर्चीवर कुणीतरी येणार आहे आणि मागचं त्याला तुम्ही सांगायचं आहे. आलेल्या मुलाला आपली वाट पाहिली जात होती हे कळतं.

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्यांचे हाल यापेक्षा वाईट आहेत, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. वर्ग एक वर्ष जुना झालेला, यांना इंडक्शन नाही, कॉलेजची रीत माहीत नाही, आणि समोर थेट एम-थ्री. वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये हीच पोरं सगळ्यांच्या पुढे असतात. आम्ही त्यांना गणिताच्या टेबलावर शिकायला बसवतो आणि ग्राफिक्सच्या टेबलावर मेंटॉर म्हणून. दोन्ही एकाच आठवड्यात. त्यांचं बुजणं त्यामुळे लवकर जातं.

एक संध्याकाळ पैशांसाठी राखून ठेव. इंजिनिअरिंग सोडून जाणाऱ्या सगळ्याच पोरांचं कारण गणित नसतं. महाडीबीटीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, आधारशी जोडलेलं बँक खातं, यातला एक कागद अडला की वडील शेत सोडून तहसीलच्या चकरा मारतात आणि पोरगा इथे फीच्या नोटिसा वाचतो. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, ही नावंसुद्धा बऱ्याच घरांत पोचलेली नसतात. आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, हे कॅपमधून आलेल्या प्रत्येक मुलीला माहीत हवं. मागच्या वर्षी ज्यांनी अर्ज भरले, ज्यांचे परत आले आणि ज्यांनी ते दुरुस्त केले, अशा चार-पाच सीनिअरना लॅपटॉप घेऊन बसव. ओटीपी मात्र ज्याचा त्याने टाकायचा.

सोबतीसाठी वेगळा कार्यक्रम लागतोच असं नाही. प्रवेशाच्या सुमारास पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालकडे काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, आणि बाहेरगावच्या पोराने ती पाहिलेली नसते. त्या दिवशी शहरातली पोरं घरी आणि बाहेरची खोलीवर एकटी, असं होतं. एका टेबलाच्या पोरांनी स्वतःहूनच ठरवलं, लोकमान्य नगरहून मेट्रोने निघाली, मारबत पाहिली, एका मुलीच्या घरी सगळे जेवले आणि तिच्या आजीने सगळ्यांना गावं विचारली. टेबल चार वेळा झालं होतं, म्हणून हे आपोआप घडलं. पहिल्याच दिवशी सहल काढली असती तर प्रत्येक जण आपल्या गावच्या पोराला धरून चालला असता. मुलींच्या बाबतीत वेळेचं भान ठेव. काही वसतिगृहांचं दार सातला लागतं आणि अप-डाऊनवाल्यांची गाडी संध्याकाळीच असते, म्हणून एक तरी टेबल दुपारच्या सुट्टीत हवं.

आता जड गोष्ट. सहा जणांत कधीतरी असा एक मुलगा येईल ज्याचा प्रश्न गणिताचा नसेल. झोप लागत नाही, जेवण जात नाही, 'घरी तोंड कसं दाखवू' असं म्हणतो, किंवा अचानक यायचाच बंद होतो. मेंटॉरने डॉक्टर व्हायचं नाही आणि 'कोणाला सांगू नको' हे वचनही द्यायचं नाही. आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचं की जीवाला धोका वाटला तर मी एकटा गप्प बसणार नाही. मरणाचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, फॅकल्टी मेंटॉरला लगेच फोन, घरच्यांना कळवायची व्यवस्था, आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आमच्याकडे एकदा एका मेंटॉरने सलग दोनदा न आलेल्या मुलाला 'ये ना, तुझी खुर्ची रिकामी आहे' एवढाच मेसेज केला. उत्तर नाही आलं, तेव्हा तो आणि मी दोघं त्याच्या घरमालकाकडे गेलो. तो मुलगा तीन दिवस खोलीबाहेर पडला नव्हता. त्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले, पण तो आज नोकरी करतो. म्हणून हजेरी ठेव, फक्त एका कारणासाठी: दोनदा न दिसलेल्याला विचारायला. ती यादी ऑफिसला किंवा शिक्षकांना मार्कांसाठी कधीही द्यायची नाही.

मेंटॉरांनाही टेबल लागतं. शनिवारी वीस मिनिटं सगळे मेंटॉर एकत्र बसा. प्रत्येकाने आठवड्यात अडलेला एक प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपण काय केलं असतं ते सांगायचं. प्रमाणपत्रं, टी-शर्ट यात आम्ही बरेच पैसे घातले, त्याचा फार उपयोग झाला नाही. शनिवारची बैठक बंद पडली त्या वर्षी मात्र दिवाळीनंतर निम्मी टेबलं उठली. कॉलेज क्रेडिट देत असेल तर घ्या, पण क्रेडिटसाठी आलेल्याला पेनाची परीक्षा चुकवू देऊ नका.

तुम्ही चौघं आहात. चार टेबलं करा, जास्त नको. २४ पोरं. २४० जणांना पुरे पडत नाही याचं वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण यातलीच काही पुढच्या वर्षी मेंटॉर म्हणून येतात. एक विषय एम-वन आणि एक ग्राफिक्स, एवढ्यावर सुरुवात कर. लायब्रेरियनना आजच भेट, मागच्या खिडकीजवळची टेबलं मागून घे, तिथे थोडं बोललं तर चालतं. विषय, वार आणि वेळ लिहिलेला कागद टेबलावर चिकटव आणि तो सेमिस्टर संपेपर्यंत बदलू नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या दिवशी कुणीच येणार नाही, सबमिशन असेल, पाऊस असेल. त्या दिवशी तू सहा वाजता जा, तुझी स्वतःची वही उघड आणि साडेसातपर्यंत तिथेच बस. साडेसहाला कुणीतरी दारातून डोकावून बघेल.